मदतकेंद्रावर उपयोगी कसे पडावे: ठाणे-नवी मुंबईतल्या तरुण स्वयंसेवकांसाठी

पूर आला, दरड कोसळली, इमारत पडली की पहिल्या दिवशी मदतीला तरुण पोरांची कमी नसते. ती पडते पाचव्या दिवशी, गोदामात, तूरडाळीच्या पोत्यापाशी. तेव्हा मदत संस्थेला दहा-बारा जण हवे असतात: सांगितलेल्या वेळी येणारे, मोजून भरणारे आणि लिहून ठेवणारे.

ठाणे आणि नवी मुंबईत हे काम वरचेवर निघते. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, जुलै २०२१ मध्ये महाड बुडाले आणि तळीयेवर दरड आली, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली. ही सगळी ठिकाणे इथून काही तासांच्या अंतरावर आहेत. शिवाय तुर्भ्याच्या एपीएमसीतले दाणाबंदर (धान्याचा घाऊक बाजार) जवळ आणि पनवेलहून गोवा महामार्ग हाताशी, म्हणून सामान गोळा करून पुढे पाठवायला ही जागा सोयीची.

पावसाळ्याआधी नाव नोंदवा

आपत्तीच्या दिवशी नाव नोंदवायला गेलात तर संस्थेचा एक माणूस तुमच्यातच अडकतो. हे काम एप्रिल-मेमध्ये उरका. कॉलेजात असाल तर सर्वांत जवळचा दरवाजा राष्ट्रीय सेवा योजनेचा. रासेयोत दोन वर्षांत २४० तास सेवा करायची असते. आपल्या युनिटच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना सांगून त्यातले काही तास मदतसाहित्याच्या कामाला मिळतात का ते विचारा. १९२० पासून काम करणाऱ्या इंडियन रेड क्रॉस सोसायटीचे युवा विभाग कॉलेजांमधून चालतात. ज्यांना प्रत्यक्ष बचावकार्याच्या जवळ जायचे आहे त्यांच्यासाठी ‘आपदा मित्र’ ही योजना आहे: वय १८ ते ४०, प्रशिक्षण १२ दिवसांचे. पुढची तुकडी कधी आहे ते जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात विचारा.

नोंदणी करताना संस्थेला चार गोष्टी आपणहून लिहून द्या: आठवड्यातले कोणते वार आणि किती तास देऊ शकता, रक्तगट, घरच्या एका माणसाचा नंबर, आणि येणारी कामे. कामे म्हणजे एक्सेल, चारचाकी चालवणे, वायरिंग, मराठीबरोबर हिंदी किंवा उर्दू बोलणे, असे काहीही. ‘काहीही करीन’ असे लिहू नका, त्यावरून कोणालाच काम नेमून देता येत नाही. वय १८ च्या आत असेल तर पालकांचे लेखी संमतिपत्र जोडा आणि गोदामातलेच काम घ्या. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले ते पाहा. पुराच्या पाण्यात उतरायची शक्यता असेल तर लेप्टोच्या प्रतिबंधक गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा; मित्राने दिली म्हणून गोळी गिळू नका.

मागितले तेच गोळा करा

सोसायटीच्या गेटवर ‘मदत जमा करा’ असा फलक लागला की जुने कपडे, उघडलेली औषधे, एकेकटे पडलेले बूट आणि तारीख उलटलेली बिस्किटे जमतात. ती निवडायला जितके हात लागतात तितक्या हातांत शिधा भरून पुढे गेला असता. म्हणून आधी संस्थेकडून लेखी यादी घ्या आणि फलकावर तीच लिहा. शेवटी ठळक अक्षरांत लिहा: वापरलेले कपडे नकोत, औषधे नकोत. तरी कोणी गाठोडे आणलेच तर नम्रपणे परत द्या. ‘ठेवून जा, बघू’ म्हटले की संध्याकाळपर्यंत ढीग होतो आणि पावसात भिजलेल्या ढिगाला दोन दिवसांत बुरशी चढते.

पैसे स्वतःच्या यूपीआयवर घेऊ नका, हेतू कितीही चांगला असला तरी. देणाऱ्याला संस्थेच्या खात्याचा क्यूआर दाखवा आणि पावती संस्थेकडूनच जाऊ द्या. देणगीवर प्राप्तिकराची सवलत (८०जी) हवी असणाऱ्यांना सांगा की २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही.

शिध्याचा संच: काय, किती, आणि का

पाच माणसांच्या घराला सात दिवस पुरेल असा संच डोळ्यांपुढे ठेवू. मदतकार्यात माणशी दिवसाला २,१०० कॅलरी हा मापदंड धरतात, म्हणजे पाच जणांना सात दिवसांसाठी ७३,५००. खालच्या मापात तेवढ्या बसतात:

तांदूळ १० किलो, गव्हाचे पीठ ५ किलो, तूरडाळ २ किलो, मूगडाळ १ किलो, तेल १ लिटर, साखर १ किलो, मीठ १ किलो, चहा २५० ग्रॅम, तिखट २०० ग्रॅम, हळद १०० ग्रॅम.

एकूण वजन साडेएकवीस किलोच्या आसपास. इतके ओझे साठीच्या बाईला चिखलातून नेता येत नाही, म्हणून संच दोन पिशव्यांत करा: तांदळाची दहा किलोची वेगळी, बाकी सगळे दुसरीत, आणि दोन्हींवर एकच क्रमांक. कोकणात संच जाणार असेल तर पीठ कमी करून तांदूळ वाढवा. तिथे जेवण भाताचे, आणि पीठ पावसात लवकर आंबूस होते.

हा संच चूल किंवा गॅस चालू असलेल्या घरासाठी आहे, हे विसरले की सगळा शिधा फुकट जातो. पाणी ओसरून एक-दोन दिवसच झाले असतील तर न शिजवता खाता येईल असे पाठवा: चुरमुरे, चिवडा, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, बिस्किटे, आणि भिजवून खाता येतात म्हणून पोहे. पाव पाठवू नका, आषाढाच्या दमट हवेत तो दुसऱ्याच दिवशी बुरसटतो.

साबण, कपड्यांची पावडर, फिनाईल शिध्याच्या पिशवीत कधीही घालू नका. वास तांदळाला लागतो आणि भात तोंडात घालवत नाही. त्यांचा संच वेगळा, झाकणाच्या बादलीत: अंगाचा साबण, कपड्यांचा साबण, टूथपेस्ट, ब्रश, दोन टॉवेल, मग, मच्छर अगरबत्ती आणि सॅनिटरी पॅडची दोन पाकिटे. पॅडबरोबर नवी अंतर्वस्त्रेही हवीत, ती कोणाच्या यादीत सहसा नसतात. बादली मात्र नंतर पाणी भरायला लागते, त्यामुळे ती हलक्या प्रतीची घेऊ नका. मेणबत्त्यांऐवजी टॉर्च द्या. ताडपत्रीच्या आश्रयाला आग लागायला एक मेणबत्ती पुरते.

भरण्याची रांग लावा

गोलात बसून जो तो संच भरू लागला की प्रत्येक पिशवी वेगळी होते. दहा जणांची रांग लावा. पहिला पिशवी उघडून धरतो. पुढचे पाच जण एकेक वस्तू घालतात: पीठ, डाळी, साखर-मीठ, मसाल्याची पुडी, तेल. सातवा वजन करतो आणि तोंड बांधतो. आठवा क्रमांक घालून तांदळाच्या पिशवीशी जोडी लावतो आणि नोंद करतो. उरलेले दोघे मागून माल आणून टेबले भरती ठेवतात. हे दोघे नसले की दर पाच मिनिटांनी रांग थांबते. तासाभराने जागा बदला, नाहीतर वाकून पाठ धरते आणि लक्ष उडते.

सुरू करण्याआधी पहिला संच सगळ्यांसमोर भरा, वजन करा आणि आकडा पाटीवर लिहा. दुसऱ्या पिशवीचे वजन साधारण साडेअकरा किलो यायला हवे. साडेदहा आले तर साखर, मीठ, मूगडाळ किंवा तेल राहिले. हळदीचे १०० ग्रॅमचे पाकीट राहिले तर ते काट्यावर कळत नाही, म्हणून चहा, तिखट आणि हळद आदल्या दिवशी एकाच पुडीत बांधून ठेवा. ती ५५० ग्रॅमची पुडी राहिली तर काटा लगेच सांगतो.

तेलाची पाकिटे फुटतात. प्रत्येक पाकीट वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, उभे, सगळ्यांत वर ठेवा. शंभर संचांसाठी तेलाची १०५ पाकिटे मागवा. शक्य असेल तिथे तांदूळ दहा किलोच्या तयार पिशव्यांतच घ्या. सुटा तांदूळ स्वस्त पडतो, पण तो मोजण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

भरलेले संच थेट फरशीवर ठेवू नका. खाली लाकडी फळ्या टाका, भिंतीपासून हातभर अंतर सोडा, दहा-दहाचे थर लावा. दहाचे थर असले की मोजणी दोन मिनिटांत होते. गाडी सांगताना आधी वजन काढा: छोटा हत्ती साधारण पाऊण टन नेतो, म्हणजे तीसेक संच. चाळीस कोंबून घाटात टायर फुटला तर दिवस गेला. गाडी काढण्यापूर्वी भरतीची वेळ पाहा. मोठ्या भरतीत जोराचा पाऊस झाला की खाडीलगतच्या भागांतले पाणी ओसरत नाही, आणि कळव्याहून ठाणे-बेलापूर रस्त्याला लागताना विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली हमखास अडकायला होते.

नोंदवही

हे काम रुक्ष वाटते म्हणून कोणी मागत नाही. आम्हांला विचाराल तर मदतकेंद्रावरचे सर्वांत महत्त्वाचे काम हेच. एका जाड वहीत पाच रकाने आखा: तारीख व वेळ, वस्तू, आवक, जावक, शिल्लक. प्रत्येक ओळीपुढे देणारा आणि घेणारा यांच्या सह्या. खाडाखोड झाली तर एकच रेघ मारून बाजूला सही करा, पांढरी शाई लावू नका. दिवस संपताना वहीतली शिल्लक आणि फळ्यांवरची मोजणी जुळवा. न जुळली तर त्याच रात्री शोधा, कारण दोन दिवसांनी कोणालाच आठवत नाही. मोबाईलवर भरायचे ते नंतर, वीज आणि नेटवर्क असेल तेव्हा.

वाटप: आधी पाहणी, मग गाडी

गाडी थेट गावात नेऊन मागचा फाळका उघडला तर पुढे सरसावणाऱ्यांना दोन-दोन मिळतात आणि कडेवर मूल असलेली बाई रिकाम्या हाताने परत जाते. एक दिवस आधी दोघा-तिघांना पाठवा. सरपंच, पोलीस पाटील यांना भेटा, पण यादी आशाताई आणि अंगणवाडीताईंबरोबर घरोघर फिरून करा. कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोण अंथरुणाला खिळले आहे, हे त्यांना ठाऊक असते. यादीतून सुटतात ती माणसे नेहमी तीच: भाडेकरू, वीटभट्टीवरचे मजूर, रेशनकार्ड नसलेली कुटुंबे, गावाबाहेरचे कातकरी आणि ठाकर पाडे. त्यांना वेगळे शोधा.

पाहणीतच प्रत्येक घराला क्रमांकाची चिठ्ठी द्या. वाटपाच्या दिवशी चिठ्ठी घ्या, संच द्या, सही किंवा अंगठा घ्या. आधार कार्डाचे फोटो काढू नका. नाव, घरातली माणसे आणि चिठ्ठीचा क्रमांक पुरतो. ज्येष्ठ, गरोदर स्त्रिया आणि अपंग यांची रांग वेगळी ठेवा, किंवा त्यांचा संच घरी पोचवा. हात पसरलेल्या माणसाचा फोटो काढू नका. संस्थेला पुरावा हवा असेल तर संचांचा आणि सह्यांच्या पानाचा चालतो.

जिथे जायचे नाही

इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता. डोंगर पायी चढूनच वर जावे लागे. अशा जागी बघे आणि प्रशिक्षण नसलेले मदतकर्ते वाढले की बचावपथकाचीच वाट अडते, आणि तिथे प्रशासनाला जमावबंदी लावावी लागली होती. ढिगारा आणि वाहते पाणी ही एनडीआरएफची, अग्निशमन दलाची आणि ठाण्यात टीडीआरएफची (महापालिकेच्या आपत्ती प्रतिसाद दलाची) कामे आहेत. तुम्हाला काही दिसले तर ११२ किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर कळवा, जखमीसाठी १०८. सांगताना आधी जागा सांगा, मग काय घडले ते, मग किती माणसे.

व्हॉट्सअॅपवर ‘अमुक ठिकाणी २०० लोक उपाशी’ असा संदेश आला तर पुढे ढकलण्याआधी त्यातल्या नंबरवर फोन करा. तारीख नसेल तर तो गेल्या वर्षीचाही असू शकतो. उत्तर मिळाले तर खाली लिहा: ‘आज दुपारी २ वाजता खात्री केली.’ मदत पोचल्यावर ‘पूर्ण’ असे लिहून त्याच गटात टाका, नाहीतर त्याच वस्तीत चौथी गाडी जाते.

पाणी ओसरल्यावर

आठवड्याने टीव्हीवरची बातमी संपते आणि घरातला गाळ तसाच असतो. या टप्प्यात तरुण हात सर्वांत जास्त लागतात. गमबूट, जाड हातमोजे, फावडी, घमेली, खराटे न्या. घरात शिरण्याआधी वायरमनकडून मेन स्विच बंद असल्याची खात्री करा. सामान हलवताना आधी काठीने ढोसा, पुरानंतर साप कोरड्या कोपऱ्यात येतात. आतल्या खोलीपासून दाराकडे गाळ ओढत आणा आणि ओला असतानाच काढा. वाळला की तो कुदळीने खणावा लागतो. ब्लीचिंग पावडर संडास साफ करण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. भिजलेली कागदपत्रे आणि फोटो फेकू नका, घरच्यांना विचारून सावलीत पसरून ठेवा. जोडीजोडीने काम करा, तासाभराने पाणी प्या, ओरखडा आला तर लगेच साबणाने धुवून डॉक्टरांना दाखवा.

परत आल्यावर संस्थेच्या समन्वयकाला एका पानावर लिहून द्या: किती संच दिले, किती उरले, कोणती घरे राहिली, कोणत्या घरी औषध किंवा शाळेची पुस्तके लागणार आहेत, आणि पुढच्या रविवारी तुमच्यातले कोण कोण येऊ शकेल.