फायरप्लेसमधला स्टोव्ह: खोलीत येणारा धूर असा थांबवला

अमेरिकेतल्या व्हरमाँटमधलं आमचं घर जुनं. आधीच्या मालकांनी फायरप्लेसमध्ये लाकडाचा स्टोव्ह ठेवून त्याचा आखूड पाइप नुसता चिमणीत सोडला होता. पेटवताना खोलीत धूर यायचा. विटांची चिमणी स्टोव्हच्या धूर बाहेर सोडणाऱ्या ६ इंची तोंडापेक्षा फारच रुंद. तिच्यात धूर थंड होतो, त्याला वर खेचणारी ओढ मंदावते आणि भिंतींवर क्रिओसोट, म्हणजे धुरातून तयार होणारं डांबरासारखं ज्वलनशील किटण, साचतं. चिमणीला आग लागते ती त्यानेच!

चिमणी साफ करून घेतली, मग स्टोव्हपासून थेट वरच्या टोकापर्यंत ६ इंची स्टेनलेस स्टीलचा, इन्सुलेशन गुंडाळलेला पाइप सोडला. डँपर, म्हणजे फायरप्लेसच्या वर चिमणीच्या तोंडाशी असणारी झडप, असते तिथे पाइपभोवतीची जागा बंद करायला पत्रा कापून बसवला. हे बरेच जण टाळतात, पण पत्र्याशिवाय ऊब चिमणीतूनच निघून जाते. आता ओढ उत्तम आहे. लाकूड २० टक्क्यांहून कमी ओलाव्याचंच घालतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लावलाय.