वर्गात ओळखीचे खेळ घेताय? मग या चुका टाळा

जूनमध्ये शाळा भरली की पहिल्या आठवड्यात ओळखीचे खेळ घ्यायचे हे बहुतेक सगळ्या शिक्षकांना माहितीय, पण खेळ निवडताना मी आधी एकच गोष्ट बघते, यात सगळ्यात पहिलं बाहेर कोण पडणार? बऱ्याचदा ज्या पोराला वर्गात सामावून घ्यायला आपण खेळ मांडलाय, नेमकं तेच पोर बाहेर बसून बघत असतं.

सगळ्यात मोठी चूक प्रश्नांत होते. "पूर्ण नाव सांग, वडील काय करतात, सुट्टीत कुठं गेला होतास?" आता पूर्ण नाव म्हटलं की आडनाव आलं, आणि आडनावावरून जात काढायला पोरंसुद्धा शिकलेली असतात. एखाद्याचे वडील वारलेले असतात, एखादी सुट्टीभर आईबरोबर भांगलायला गेलेली असते, आणि शेजारचा महाबळेश्वरचं सांगत असतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं ते सगळ्या जातींची पोरं एकत्र राहावीत, एका पंगतीत जेवावीत म्हणून, त्याच भागात आपण पहिल्याच तासाला आडनावं विचारायची हे मला अजिबात पटत नाही. त्यापेक्षा विचारा, "तुला काय म्हणून हाक मारलेली आवडेल?" आणि त्याबरोबर सगळ्यांकडं असणारं काहीतरी, म्हणजे आवडता वास, आवडता आवाज. पहिल्या पावसाचा वास म्हटला की निम्मा वर्ग "मला पण, मला पण" करतो, आणि ओळख तिथंच होते.

दुसरी चूक म्हणजे आउट करणारे खेळ. संगीत खुर्चीत जे पोर बुजरं किंवा हळू आहे ते पहिल्या दोन फेऱ्यांत आउट, मग पुढं वीस मिनिटं बाकावर. त्याऐवजी जमिनीवर खडूनं रिंगणं काढा, दर फेरीला एक रिंगण पुसा पण पोरगं काढू नका, उरलेल्या रिंगणांत सगळ्यांना बसवायचं, एक पाऊल आत असलं तरी चालेल. हे लहान वर्गांना मस्त जमतं, आठवी-नववीत मात्र मुलं-मुली एकमेकांना खेटून उभी राहायला लाजतात, तिथं जबरदस्ती नको. तिथं "ज्याला भेळ आवडते त्यानं जागा बदला" हा खेळ घ्या, आणि कुणी व्हीलचेअरवर असेल किंवा पायाचा त्रास असेल तर सगळ्यांनाच जागेवरून हात वर करायला सांगा, त्या एकट्याला वेगळा नियम लावू नका.

शिट्टीवर खेळ चालवत असाल तर कमी ऐकू येणाऱ्या मुलाचं काय? शिट्टीबरोबर रुमाल हलवा. नाव घेऊन चेंडू देण्याच्या खेळात दिसायला अडचण असेल तर चेंडू प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, सरसर आवाज येतो, आणि फेकायचा नाही, आधी नाव घ्यायचं मग जमिनीवरून घरंगळत सोडायचा.

भाषेकडं तर फार दुर्लक्ष होतं. सांगली जिल्ह्यात जतकडच्या कितीतरी घरांत कन्नड बोलतात, कुपवाड एमआयडीसीत हिंदी बोलणाऱ्या कामगारांची पोरं आहेत, ऊसतोडीला आलेल्या बीडकडच्या पोरांची मराठी आपल्यापेक्षा वेगळी. तिथं भेंड्या लावल्या की ही पोरं गप्पच. हावभावाचे खेळ घ्या, आणि रोज एका पोराकडून त्याच्या घरचा एक शब्द सगळ्या वर्गानं शिकायचा, कन्नडमध्ये पाण्याला नीरु म्हणतात हे पन्नास पोरं एकदम ओरडली की त्या पोराचा चेहरा बघा. कुणी हसलं तर खेळ तिथंच थांबवा, हसणाऱ्याला झापत बसू नका, शब्द पुन्हा सगळ्यांकडून म्हणून घ्या आणि पुढं जा.

"बोल की, तोंड नाही का तुला?" हे तर बंदच करा. "पास" म्हणायची मुभा सगळ्यांना द्या, एखाद्या फेरीत बाईंनी स्वतः पास म्हणावं म्हणजे पोरांना ते खरं वाटतं, आणि शेवटी पास म्हणणाऱ्यांना हळूच परत विचारायचं. कुणी रडायलाच लागलं तर सगळ्यांसमोर कारण विचारू नका, त्याच्याकडं घंटी द्या किंवा मोजायचं काम द्या.

वेळेचा हिशोब पण करा. पन्नास पोरांनी एका गोलात अर्धा-अर्धा मिनिट बोलायचं म्हटलं तरी 25 मिनिटं गेली, मागची पोरं तोवर मारामारीवर येतात. सहा-सात जणांचे गट करा, पण "आपापले गट करा" म्हणू नका, कुणालातरी कुणीच घेत नाही. एक ते आठ आकडे म्हणायला लावा, एकवाले एकीकडं, दोनवाले एकीकडं.

आणि हे सगळं जूनमध्ये उरकून मोकळं व्हायचं नाही. दिवाळीच्या आगेमागे कारखाने सुरू झाले की ऊसतोडीची पोरं वर्गात येतात, तोवर बाकीच्यांची टोळकी ठरलेली असतात. त्या आठवड्यात सगळ्या वर्गाचे गट नवे पाडा आणि नावाचा खेळ पहिल्यापासून घ्या, सगळ्यांसकट, फक्त नव्या पोरांना पुढं उभं करून नाही.