‘गो’, ‘वेन्ट’, ‘गॉन’: या चुका टाळा

इंग्रजी शिकताना पहिल्याच आठवड्यात भेटणारं आणि पुढे कित्येक वर्षं पायात घोटाळणारं क्रियापद म्हणजे ‘गो’. अर्थ ‘जाणे’. यात चुकण्यासारखं काय आहे? तरी ‘आय डिडन्ट वेन्ट’ हे वाक्य भल्याभल्यांच्या तोंडून निसटतं. आणि गंमत म्हणजे नियम विचारलात तर तेच लोक तो घडाघडा म्हणून दाखवतात.

सगळ्यांना छळणारं ‘वेन्ट’ हे मुळात ‘गो’चं रूपच नाही. ‘वेन्ड’ नावाचं एक वेगळं क्रियापद होतं. त्याचा अर्थ आधी ‘वळणे’ आणि मग ‘वाटेला लागणे’. सेन्ड-सेन्ट, लेन्ड-लेन्ट, स्पेन्ड-स्पेन्ट, तसंच वेन्ड-वेन्ट. जुन्या इंग्रजीत ‘गो’ला भूतकाळासाठी तिसरंच एक रूप होतं. ते हळूहळू मागे पडलं आणि साधारण १५व्या शतकापर्यंत त्याच्या जागी ‘वेन्ट’ येऊन बसलं. वेन्डचा भूतकाळ असा दुसऱ्याने उचलून नेल्यावर त्याला स्वतःसाठी ‘वेन्डेड’ असं नवं रूप करून घ्यावं लागलं. आज ते एखाद्या वाक्प्रचारापुरतंच उरलंय.

हे विचित्र वाटत असेल तर जरा आपल्याकडे बघा. जातो, जाईन, जायचं, आणि भूतकाळात एकदम ‘गेला’! ‘जा’ आला संस्कृत ‘या’ धातूवरून. यात्रेची जत्रा झाली तसाच यातला ‘य’ बदलून ‘ज’ झाला. ‘गेला’ मात्र ‘गम्’ धातूच्या ‘गत’वरून आलेला. म्हणजे आपणही भूतकाळ उसनाच आणलाय, फक्त रोजच्या वापरात ते जाणवत नाही. रोज वापरली जाणारी क्रियापदं अशीच बेशिस्त असतात. फ्रेंचमध्ये ‘जाणे’ या एका क्रियापदाची रूपं तीन वेगवेगळ्या लॅटिन मुळांतून जमवलेली आहेत.

आता ‘डिडन्ट वेन्ट’कडे येऊ. मराठीत ‘तो गेला’ला नकार द्यायचा तर ‘तो गेला नाही’. ‘गेला’ला हात लावावा लागत नाही, ‘नाही’ मागे जोडलं की झालं. तीच सवय इंग्रजीत जाते आणि ‘वेन्ट’ जागचं हलत नाही. इंग्रजीत मात्र ‘डिड’ आलं की भूतकाळ त्यानेच उचललेला असतो, मागचं क्रियापद मूळ रूपात परततं: ‘ही डिडन्ट गो’. प्रश्नातही तेच: ‘डिड ही गो?’ सराव करताना नकाराचं वाक्य थेट पाठ करू नका. आधी ‘ही वेन्ट’ म्हणा, मग ‘डिड’ आणा आणि ‘वेन्ट’ला घरी पाठवा. पाच-सहा वेळा केलंत की जीभ आपोआप वळते.

‘आय हॅव वेन्ट’ ही याच घरातली दुसरी चूक. ‘वॉक’चं ‘वॉक्ड’ दोन्हीकडे चालतं, म्हणून ‘वेन्ट’ही चालेल असं वाटतं. ‘हॅव’, ‘हॅज’, ‘हॅड’ दिसलं की ‘गॉन’. इंग्रजीच्या काही बोलींत ‘हॅव वेन्ट’ ऐकू येतं खरं, पण परीक्षेत किंवा अर्जात तो बचाव कामाचा नाही.

‘गॉन’ आलंच आहे तर ‘बीन’चंही बघू. ‘शी हॅज गॉन टु द लायब्ररी’ म्हणजे ती ग्रंथालयात गेली आहे, अजून परतलेली नाही. ‘शी हॅज बीन टु द लायब्ररी’ म्हणजे जाऊन आली आहे. मराठीतला ‘जाऊन आली’ हा अख्खा जोड तिथे एका ‘बीन’मध्ये मावतो. त्यामुळे समोर बसून ‘आय हॅव गॉन टु लंडन’ म्हणणारा माणूस ऐकणाऱ्याला गोंधळात टाकतो. गेलाय म्हणे, मग हा समोर कोण?

‘आय अ‍ॅम गोइंग टु होम’ ही चूक मला सगळ्यात आवडते, कारण तिचं उत्तर मराठीतच आहे. आपण ‘घरी जातो’ म्हणतो. ‘घरी’ या शब्दात दिशा आधीच भरलेली आहे, त्याला आणखी प्रत्यय लावून ‘घरीला जातो’ कोणी म्हणत नाही. ‘गो होम’मधलं ‘होम’ नेमकं तसंच आहे: जुन्या इंग्रजीत त्याची विभक्ती दिशा दाखवायची. पुढे विभक्ती झिजून गेली, पण ‘टु’ न लावण्याची रीत राहिली. हिअर, देअर, अब्रॉड, अपस्टेअर्स हेही याच पंगतीतले. ‘गो टु देअर’ तोंडात आलं की ‘तिथेला जा’ असं मनात म्हणून बघा, लगेच खटकेल. मात्र ‘माझ्या घरी’ म्हणायचं असेल तर ‘टु माय हाउस’ असा ‘टु’ हवाच.

‘गो फॉर स्विमिंग’ नको. ‘गो स्विमिंग’ म्हणा किंवा ‘गो फॉर अ स्विम’. ‘फॉर’ लावायचा तर पुढे नाम. आणि ‘आय अ‍ॅम गोइंग टु ऑफिस डेली’ही नको: रोजचं काम असेल तर साधं ‘आय गो’ पुरतं.

‘गोइंग टु’चा दुसरा अर्थ, म्हणजे ‘-णार आहे’, प्रवासातूनच आला. काही करायला निघालो, म्हणजे ते करणार. पुढे प्रवास गळून पडला, नुसता बेत उरला. म्हणून ‘इट इज गोइंग टु रेन’ म्हणता येतं, पाऊस कुठे निघालेला नसला तरी. बोलताना याचंच ‘गॉना’ होतं. पण ते फक्त क्रियापदाआधी. ‘आय अ‍ॅम गॉना स्लीप’ ठीक. ‘आय अ‍ॅम गॉना द स्टेशन’ कधीच नाही. जागेआधी ‘गोइंग टु’ पूर्णच म्हणायचं. सिनेमातलं इंग्रजी कानावर असलेली मुलं इथे हमखास घसरतात.

खरा सापळा ‘गो ऑफ’चा. ‘ऑफ’ म्हणजे बंद, हे डोक्यात इतकं पक्कं असतं की पुढचं दिसतच नाही. सुरक्षेच्या सूचनांचं भाषांतर करत होतो. मूळ वाक्य होतं, ‘इफ द अलार्म गोज ऑफ, लीव्ह द बिल्डिंग.’ मी बेधडक लिहिलं: ‘अलार्म बंद पडल्यास इमारतीबाहेर पडा.’ तपासणाऱ्या बाईंनी समासात पेन्सिलने एवढंच लिहिलं होतं: ‘आणि वाजत असेल तर आतच थांबायचं का?’

अलार्म ‘गोज ऑफ’ म्हणजे वाजतो. बॉम्ब ‘गोज ऑफ’ म्हणजे फुटतो. दिवे ‘गो ऑफ’ म्हणजे मात्र खरंच बंद होतात, आणि ब्रिटिश माणसाचं दूध ‘गोज ऑफ’ झालं तर ते नासलेलं असतं. कर्ता कोण ते पाहिल्याशिवाय अर्थ लावू नये.

दुधावरून आठवलं. बिघडण्याच्या अर्थाने इंग्रजीत ‘गो’ सर्रास येतो: गो बॅड, गो ब्लाइंड, गो बॉल्ड. आपल्या ‘नासून गेलं’, ‘वाया गेलं’मधलं ‘जाणं’च ते. म्हणून ‘द मिल्क बिकेम बॅड’पेक्षा ‘द मिल्क वेन्ट बॅड’ जास्त सहज वाटतं. स्वप्न खरं होतं तेव्हा मात्र ते ‘कम्स ट्रू’, तिथे ‘गो’ चालत नाही.

राहता राहिलं ‘अंडरगो’. त्याचा भूतकाळ ‘अंडरवेन्ट’, पुढे ‘अंडरगॉन’. ‘अंडरगोड’ असं रूप नाही, आणि वैद्यकीय अहवालांत ते अधूनमधून दिसतं.