शटरला मोटर बसवताय? आधी या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार. वडिलांना दवाखान्यात न्यायचं होतं आणि पार्किंगचं रिमोटचं शटर अर्ध्यावर येऊन थांबलं. वरही जाईना, खालीही येईना. मोटरला हात लावला तर चटका बसला. हाताने ओढायची साखळी होती, पण फिटिंग करणाऱ्याने ती वर गुंडाळून तारेने बांधून ठेवली होती. स्टूल आणून ती सोडवेपर्यंत वडील उन्हात उभे होते. तेव्हापासून जुळे सोलापुरात ओळखीचं कुणी शटरला मोटर बसवतंय असं कळलं, की मी स्वतःहून जाऊन सांगतो.

आमची मोटर बिघडलेली नव्हती. शटरच जड चालत होतं, आणि सगळ्यात मोठी चूक इथेच होते. लोक मोटरचे भाव विचारत फिरतात, शटर मात्र कुणी तपासत नाही. हाताने उघडायच्या शटरच्या वरच्या पाइपात स्प्रिंग असतात आणि निम्म्याहून जास्त भार त्याच पेलतात. मोटर बसवण्याआधी शटर हाताने कमरेपर्यंत उचला आणि धरून ठेवत हळूहळू सैल सोडा. जागेवर राहिलं तर स्प्रिंग ठीक आहेत. खाली ओढ घेत असेल तर त्या सैल झाल्यात. हातातून वर उसळत असेल तर जास्त ताणल्यात. स्प्रिंग कमी-जास्त ताणायचं काम शटरवाल्याकडूनच करून घ्या. ताणलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जखमी होतो, घरी पाना घेऊन प्रयोग नकोत. मोटर बसवताना काही कारागीर स्प्रिंग काढून टाकतात, मग सगळं वजन मोटरवर येतं. तुमच्याकडे काय करणार, हे आधीच विचारा.

दुसरं, बाजूचे चॅनेल, म्हणजे शटरच्या कडा ज्यात सरकतात त्या खाचा. आपल्याकडे मार्चपासून धूळ उडायला लागते आणि शटर आवाज करतं म्हणून लोक चॅनेलमध्ये ग्रीस भरतात. त्या ग्रीसमध्ये धूळ बसून घट्ट लगदा होतो. चॅनेल कोरड्या फडक्याने पुसा आणि सिलिकॉनचा फवारा मारा. ग्रीसची जागा मोटरच्या चेनवर.

एवढं करूनही मोटर मध्येच थांबली, तर बटण दाबत बसू नका. घरगुती मोटर सलग चालण्यासाठी बनवलेली नसते. जास्त तापली की आतला कट-आउट ती बंद करतो. पोरांनी खेळ म्हणून आठ-दहा वेळा वर-खाली केलं तरी हेच होतं, त्यात पत्र्याखालची पार्किंग असेल तर लवकरच. अर्धा तास थंड होऊ द्या. रोजच असं व्हायला लागलं तर स्प्रिंग आणि चॅनेल पुन्हा बघा.

किती किलो उचलणारी मोटर घ्यायची? १० बाय ८ फुटांचं, १८ गेज जाडीच्या पत्र्याचं शटर धरा. सपाट पत्र्याचंच वजन ७० किलोच्या आसपास भरतं. पट्ट्यांच्या वळवलेल्या कडा, वर गुंडाळलेला भाग आणि खालची लोखंडी पट्टी मिळून १०० किलो समजा. त्याला ३०० किलोची मोटर भरपूर झाली. ‘मोठीच घ्या, टिकते’ हा सल्ला मला पटत नाही. खाली काही अडकलं, तर जास्त ताकदीची मोटर थांबण्याऐवजी पट्ट्या वाकवते.

वीज गेल्यावरचा विचार तर हटकून राहतो. साखळी हाताला येईल अशी लोंबू द्या. ती आतल्या बाजूला असते, म्हणून शटर हाच घरात शिरायचा एकमेव रस्ता असेल तर बाहेरून किल्लीने मोटर सोडवायची सोय करून घ्या. मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते, त्यामुळे पंखे चालवणाऱ्या इन्व्हर्टरच्या भरवशावर राहू नका.

शटरऐवजी सरकतं गेट असेल, तर आपली काळी माती लक्षात ठेवा. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाया उथळ असेल तर रूळ हलतो. मग मोटरचं दातेरी चाक गेटच्या दातेरी पट्टीवर घासतं किंवा सुटतं, आणि दोष मोटरला दिला जातो. आधी रुळाखाली खोल काँक्रीट, मग मोटर.

सेन्सरवर पैसे वाचवू नका, हे मी हात जोडून सांगतो. दाराच्या दोन बाजूंना ही जोडी बसते, एक प्रकाश सोडतो, दुसरा घेतो, आणि मध्ये कुणी आलं की शटर खाली येत नाही. अमेरिकेत १९९३ पासून घरगुती गॅरेजच्या दरवाजाच्या मोटरला माणूस दाराखाली अडकू नये अशी व्यवस्था सक्तीची आहे. आपल्याकडे मात्र सेन्सर ‘एक्स्ट्रा’ म्हणून विकला जातो. जमिनीपासून साधारण सहा इंचांवर बसवा, म्हणजे रांगतं मूलही त्याच्या नजरेत येतं. भिंतीवरचं बटण पाच फुटांवर आणि शटर दिसेल अशा जागी ठेवा.

रिमोट जवळ आल्यावरच चालायला लागला तर आधी सेल बदला. तरी फरक नसेल तर पार्किंगमधला नवा एलईडी बल्ब बंद करून पाहा, काही बल्ब सिग्नलमध्ये अडथळा आणतात. रिमोट घेताना दर वेळी कोड बदलणाराच मागा. एकाच कोडच्या रिमोटची नक्कल सहज होते.

आणि दार पश्चिमेला असेल, शटर दिवसभर नीट चालून संध्याकाळीच खाली यायला नकार देत असेल, तर मेकॅनिकला बोलावण्याआधी सेन्सरकडे बघा. मावळतीचं ऊन थेट त्याच्या डोळ्यात जात असतं. दोन्ही बाजूंच्या सेन्सरची अदलाबदल करून प्रकाश घेणारा सावलीच्या बाजूला बसवला, की काम होतं.