संमती, गुप्तरोग, ७२ तास : कॉलेजात कानावर पडणारे शब्द नीट कसे समजून घ्यावेत

वहीच्या पानावर दोन रकाने आखा. डावीकडं होस्टेलवर, घरी, मेडिकलवर ऐकलेला शब्द. उजवीकडं डॉक्टर किंवा कायदा वापरतो तो.

१. नावातच खोट असलेले शब्द खोडा. 'स्वप्नदोष' हा दोष नाही, त्याला औषधही लागत नाही. बसस्टँडच्या मुतारीतल्या जाहिराती याच एका शब्दावर पोट भरतात. 'अंगावरून पांढरं जाणं' थोडंफार असतंच. खाज, घाण वास किंवा हिरवट-पिवळा रंग दिसला तर मात्र डॉक्टर गाठा.

२. 'गुप्तरोग' फोडून लिहा. परमा, सिफिलिस, क्लॅमिडिया वेळेत औषध घेतलं तर बरे होतात. एचआयव्ही हा विषाणू. उपचार न घेतल्यास पुढं येणारी अवस्था म्हणजे एड्स. यातलं बरंच काही लक्षणांशिवाय अंगात असतं, म्हणून 'दिसायला तर चांगला आहे' ही तपासणी नव्हे.

३. दोन '७२ तास' वेगळे ठेवा. तातडीची गर्भनिरोधक गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी. ती गर्भपाताची गोळी नव्हे आणि रोग अडवत नाही. एचआयव्ही टाळण्याचं औषध म्हणजे पीईपी. तेही ७२ तासांच्या आत सुरू करायचं, पण २८ दिवस घ्यायचं. एक घेतली म्हणून दुसरी झाली असं नाही.

४. संमती. घाई करू नका, सगळे इथंच घसरतात.

स्थळ बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं पोरीनं मान खाली घातली की कुणीतरी 'मौनं संमतिलक्षणम्' म्हणतं आणि पोहे पुढं सरकतात. हे वाक्य डोक्यातून काढा. भारतीय न्याय संहिता म्हणजे देशाचा फौजदारी कायदा. तिच्या बलात्काराच्या कलम ६३ मध्ये संमती म्हणजे शब्दांनी, हावभावांनी किंवा इतर मार्गानं, स्वखुशीनं आणि निःसंदिग्धपणे दाखवलेली तयारी, तीही त्या विशिष्ट कृतीपुरती. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही, हेही तिथंच लिहिलंय. कलम बाईच्या संमतीबद्दल आहे. अर्थ मात्र मुलांनाही तोच लावा.

आता आपली बोली बघा. 'बघू', 'नंतर', 'तुला काय वाटतं ते कर', खाली बघून 'हं'. यातलं एकही होकार नाही. आपल्याकडं मोठ्यांना तोंडावर 'नाही' म्हणायची सवय नसते, म्हणून नकार असाच येतो. समजलं नाही तर थांबून सरळ विचारा. विचारल्यानं मजा जाते असं सांगणाऱ्या सल्लागार मित्राला चहा पाजा आणि वाटेला लावा.

रूमवर आली म्हणजे सगळ्याला हो, असं नाही. काल हो होतं म्हणून आजही हो, असंही नाही. मध्येच 'बास' म्हटलं की बास. भान हरपण्याइतकी दारू चढलेल्या माणसाचा होकार धरायचा नाही. फोटोचंही तेच: काढू दिला, पण दुसऱ्याला पाठवायची परवानगी दिली नव्हती, तर बाईचा तसा खासगी फोटो पुढं पाठवणं त्याच संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा ठरतो.

आणि वय. लातूरला अकरावी-बारावीच्या क्लाससाठी आलेली बरीच पोरं-पोरी अठराच्या आतली असतात. पोक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात, १८ च्या आतल्याची संमती धरलीच जात नाही. दोघं सतरा वर्षांचे, राजीखुशीचे असले तरीही. गावी लग्न लावून दिलेल्या सोळा वर्षांच्या मुलीलाही हेच लागू. मंगळसूत्रानं वय वाढत नाही.

५. कुठं विचारायचं. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, एचआयव्ही तपासणी मोफत आणि गोपनीय, फोनवर १०९७. संसर्ग तपासणीत दिसायला तीन महिन्यांपर्यंत लागू शकतात, तेव्हा पहिल्याच आठवड्यातल्या 'निगेटिव्ह'वर विसंबू नका, पुन्हा जा. कॉलेजात लैंगिक छळ झाला तर अंतर्गत समितीकडं लेखी तक्रार, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. समितीची नावं नोटीस बोर्डावर नसतील तर आजच ऑफिसात जाऊन मागून घ्या, गरज पडायच्या आधी.