पोडोकार्पसचं रोप बोन्सायला घेताना आधी बुंध्याशी बसा

मृगाच्या सरी पडल्या की नर्सरीत जायची घाई होते. बोन्सायसाठी कुणी ‘यू’ म्हणून रोप पुढे केलं, तर आधी पान बघा, ते पोडोकार्पसही असू शकतं. खरा यू म्हणजे हिमालयातला थुनेर. त्याला थंडी लागते, कोकणातल्या दमट उकाड्यात तो तग धरत नाही. त्याचं पान जेमतेम 2-3 सेंमी. पोडोकार्पसचं 6 ते 12 सेंमी, मधली शीर ठसठशीत. हे झाड दक्षिण जपान आणि चीनकडचं. आपली हवा त्याला मानवते, खारा वाराही ते बऱ्यापैकी सोसतं.

रोप निवडताना सगळे शेंडा न्याहाळतात. तुम्ही वरची दोन बोटं माती हळूच बाजूला करा. मुळं चारी अंगांनी पसरलेली हवीत. छाटकलमाच्या रोपांत ती बरेचदा एकाच बाजूला असतात, आणि पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाची गोल फिरून बुंध्याला विळखा घालतात. मी एकदा नुसत्या खोडाच्या वळणावर भाळून रोप आणलं. विळखा सोडवताना निम्मी मुळं कापावी लागली, श्रावणातच ते वाळलं. अजून हळहळ वाटते.

मुळांवर मण्यांच्या माळेसारख्या बारीक गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे बारीक जंत, समजून रोप टाकू नका. या झाडाला त्या निसर्गतःच असतात, त्यांत उपयोगी बुरशी राहते.

खोड खाली जाड, वर निमुळतं हवं, आणि खालच्या वीतभरात दोन-तीन जिवंत फांद्या. खांबासारखं सरळ, वरच फुटलेलं रोप कुंपणाला लावा. खोड अंगठ्याएवढंच असेल तर चार-पाच वर्षं जमिनीत वाढू द्या. उथळ कुंडीत ते जाडच होत नाही. छाटणीने पान लहान होतं, पण थोडंच. म्हणून वीतभर उंचीचा हट्ट नको, दीड-दोन फुटांचं झाड शोभतं.

तार हिरव्या, लवणाऱ्या फांदीलाच घाला. पावसात वाढ जोरात असते, तार रुततेय का ते दर पंधरवड्याला बघा.

कुंडी बदलायची तर आषाढाची झड लागण्याआधी. चाळलेली जांभ्याची खडी दोन भाग, कुजलेलं शेणखत एक भाग. कुंडी विटांवर ठेवा, पाणी साचलं की मुळं कुजलीच. आणि छाटलेला पाला गोठ्याकडे नेऊ नका. तो विषारी असतो, गुरं-शेळ्यांच्या तोंडी लागता कामा नये.