वावराचा लेआउट पाडता? प्लॉटच्या आधी सावली आखा

गावाला लागून, रोडटच पाच एकर वावर आहे, कपाशीत काही उरत नाही, पोरं पुण्याला, आता लेआउट पाडायचा विचार चालू आहे, असं सांगणारे लोक मला आजकाल दर पंधरवड्याला भेटतात. अन् पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, प्लॉट किती बसतील. मी म्हणतो भाऊ, प्लॉट बसतीलच, ते कुठं पळून नाही जात, आधी हे सांगा की मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता तिथली म्हातारी घराबाहेर कुठं बसेल? लोक हसतात. मीही हसलो असतो, पण आमच्या घरच्या वावराचा लेआउट मीच पाडला, वर्धा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावापासून चार किलोमीटरवर, अन् माझी आई त्यातल्याच घरात राहते, तरी रोज संध्याकाळी काठी टेकत जुन्या गावात जाऊन बसते, काहून की इथं बसायला जागाच नाही. तेव्हा माझं काय चुकलं अन् नंतर काय कळलं ते दोन्ही सांगून राहिलो.

आधी हिशेब. पाच एकर म्हणजे साधारण 20,200 चौरस मीटर. आपल्या राज्यात 4,000 चौरस मीटर किंवा त्याच्यावरचा लेआउट असला की 10 टक्के ओपन स्पेस सोडावीच लागते, म्हणजे अर्धा एकर गेला, रस्ते-नाल्यांत अजून पाव हिस्सा जातो, अन् उरलेल्यात 30 बाय 50 फुटांचे ऐंशी-नव्वद प्लॉट निघतात. घरटी चार माणसं धरा, साडेतीनशेची वस्ती झाली. म्हणजे एक लहान गावच तुम्ही वसवून राहिले! त्यात पाळण्यातलं लेकरू आहे, दहावीची पोरगी आहे, गुडघे गेलेले रिटायर मास्तर आहेत, एकट्या राहणाऱ्या दोन-चार बाया आहेत. नकाशावर मात्र यातलं कोणी दिसत नाही, नुसते नंबर दिसतात.

आता ओपन स्पेस. ती कुठं सोडता यावर निम्मा खेळ आहे. आपल्याकडची रीत अशी की जिथं प्लॉट विकल्या जाणार नाही तिथं ओपन स्पेस, म्हणजे नाल्याकाठचा तुकडा, खोलगट जागा, नाही तं मोठ्या लाइनच्या तारांखालची पट्टी. मी पण तेच केलं, नाल्याकडचा कोपरा दाखवून मोकळा झालो. पावसाळ्यात तिथं चिखल, दिवाळीनंतर गाजरगवत, अन् आता लोक घर बांधताना मलबा नेऊन टाकतात. कायद्यात बसलं, कामाचं काहीच नाही झालं.

तं ती जागा मधात ठेवा. पाच एकर चौकोनी असलं तं एक बाजू जेमतेम 140 मीटर येते, मधात मोकळी जागा ठेवली की सगळ्यात कोपऱ्यातल्या घरापासूनही ती शंभर मीटरच्या आसपास पडते. गुडघेदुखीचा माणूस शंभर मीटर येतो, चारशे मीटर असलं की उद्या येतो म्हणतो. अन् त्या जागेभोवतीच्या घरांची तोंडं जागेकडे करा, पाठ नका करू, म्हणजे स्वयंपाक करता करता आईला पोरगं दिसते, अन् पोरींनाही तिथं खेळायला कोणी अडवत नाही. चारी बाजूंनी कंपाउंडच्या भिंती असलेलं मैदान संध्याकाळी सातनंतर कोणाचं होते, ते मी सांगायची गरज नाही.

त्या अर्ध्या एकरात काय काय मावते? व्हॉलीबॉलचं मैदान 18 बाय 9 मीटरचं, कबड्डीचं 13 बाय 10 चं, दोन्हीपैकी एक सहज बसते, एका अंगाला. दुसऱ्या अंगाला लहान पोट्ट्यांसाठी रेतीचा खड्डा अन् एक मातीचा उंचवटा, ते लोखंडी घसरगुंड्यांच्या नादी नका लागू, मे महिन्यात तिच्यावर बसवून पाहा लेकरू. अन् या दोघांच्या मधात झाडाखाली पार. म्हाताऱ्यांना खेळाचा कल्ला दिसला पाहिजे, पण बॉल डोक्यावर नाही आला पाहिजे. एवढी मोकळी जागा असली की तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन ओळीत उभे राहतात, भुलाबाईचे गाणे होतात, कोजागिरीचं दूध होते. शेजाऱ्याचं नाव माहीत होते ते अशाच दिवशी, गेट-टुगेदर ठेवून नाही होत.

सावलीबद्दल जरा जास्तच बोलणार आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते, असल्या गावात सावली नसली तं चालणं-फिरणं, बाहेर बसणं, सगळं बंद. डॉक्टर सांगतात रोज चाला. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की मोठ्या माणसानं आठवड्याला निदान 150 मिनिटं घाम येईल असं काही करावं, पोरांनी रोज तासभर, अन् 65 च्या वरच्यांनी त्याशिवाय आठवड्यात तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायाम करावे. बरोबरच आहे, पण चालायचं कुठं, तापलेल्या डांबरावर? म्हणून जेसीबी वावरात घालायच्या आधी एक दिवस फिरून प्रत्येक जुन्या झाडाला चुन्याचा पट्टा मारा, निंब, आंबा, चिंच, जे असेल ते, अन् नकाशावाल्याला सांगा की रस्ता वाकव पण झाड ठेव. मी ड्रायव्हरला सांगायला अर्धा तास उशिरा पोचलो, तेवढ्यात धुऱ्यावरचे चार निंब आडवे झाले होते, चाळीस वर्षांचे.

नवीन झाडं पहिल्याच पावसाळ्यात लावा, प्लॉट विकायच्याही आधी. घरं काही लगेच बांधल्या जात नाहीत, पाच-सात वर्षं निघतात, तेवढ्यात झाड डोक्यावर येते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सात-आठ मीटरवर निंब अन् करंज, मोकळ्या जागेत पिंपळ किंवा वड. गुलमोहर दिसायला भारी, पण मृगाच्या आधीच्या वादळात त्याच्या फांद्या पहिले मोडतात, घराजवळ नकोच. अन् तीन उन्हाळे पाणी कोण घालणार हे आधी ठरवा, नाही तं ट्रीगार्ड तेवढा उरते.

रस्ते जमतील तितके पूर्व-पश्चिम घ्या, म्हणजे घरांची तोंडं उत्तर-दक्षिण होतात अन् पश्चिमेचं ऊन भिंतीवर कमी येते. दक्षिणेचं ऊन उन्हाळ्यात उंचावरून येते, छज्ज्यानंच अडते. आता यात एक गोची आहे, दक्षिणमुखी प्लॉट आपल्याकडे लवकर खपत नाही, दलाल पहिले तेच सांगेल. मग काय करायचं, दक्षिणेकडे तोंड येणाऱ्या ओळीत दुकानं, छोटा हॉल, दवाखान्याची जागा टाका, नाही तं ते प्लॉट जरा मोठे करून त्याच किमतीत द्या. वास्तुशास्त्रावर भांडत बसाल तं लेआउट तिथंच राहील.

सरळसोट लांब रस्ता ठेवू नका, पोट्टे त्यावर गाडी उडवतात. मधात वळण, टी-पॉइंट, अन् मोकळ्या जागेपाशी रस्ताच थोडा उंच करा. पायी चालायची पट्टी ठेवायची तं काळ्या मातीचा विचार करा, ही माती पावसात फुगते अन् उन्हाळ्यात भेगाळते, थेट मातीवर पेव्हर ब्लॉक टाकले की दोन वर्षांत वर-खाली होतात, मग त्यातच म्हातारा माणूस ठेचकाळून पडते अन् खुब्याचं हाड जाते. काळी माती काढून मुरूम भरा, दाबा, मग ब्लॉक. नालीवर झाकण पाहिजेच. चढ-उतार असला तिथं पायऱ्यांसोबत उतार द्या, एक फूट चढायला बारा फूट लांबी, त्यापेक्षा उभा केला की व्हीलचेअर ढकलणाऱ्याचा जीव जाते.

बाकड्यांचं सांगतो. ते पाठ नसलेले सिमेंटचे, ज्याच्यावर कोणाचं तरी नाव ठळक अक्षरात असते, ते नाव वाचायला बरे, बसायला नाही. पाठ पाहिजे, हात टेकायला दांडी पाहिजे (उठताना तिचाच आधार), बैठक दीड फूट उंच, अन् सावलीत. तीस-तीस मीटरवर एखादं असलं तं दम लागणारा माणूसही पूर्ण चक्कर मारते. अन् पाराजवळ संडास-बाथरूम! हे कोणीच ठेवत नाही. शुगरवाला माणूस, म्हातारी बाई, लहान लेकरू, तिघं पंधरा मिनिटांत घरी पळतात ते याच्यासाठीच. 2007 साली त्याच आरोग्य संघटनेनं वय झालेल्यांना शहर कसं पाहिजे यावर मार्गदर्शक काढलं, जगातल्या 33 शहरांतल्या लोकांना विचारून, आपल्याकडचे दिल्ली अन् उदयपूर होते त्यात. लोकांनी बाकडे अन् संडास याही गोष्टी काढल्या. जगभर म्हाताऱ्यांची अडचण सारखीच दिसते.

ओटा विसरू नका. समोरची कंपाउंड भिंत छातीएवढी झाली की शेजार संपला, मग कोण आजारी आहे तेही व्हॉट्सअपवर कळते. खरेदीच्या वेळीच प्लॉटधारकांशी लिहून घ्या की समोरची भिंत तीन फुटांच्या वर नाही, वर जाळी चालेल, अन् फाटकाशेजारी एक लहान ओटा. तो ओटा घरासमोर नियमानं मोकळी सोडायच्या जागेत चालतो का ते नकाशावाल्या इंजिनिअरला आधीच विचारा.

हॉल एकच बांधा, पण दिवसभर वापरा. सकाळी अंगणवाडी, दुपारी बचत गट, महिन्यातून एक दिवस आशाताई अन् नर्सबाईंची बीपी-शुगर तपासणी, संध्याकाळी अभ्यासिका. अंगणवाडी साधारण 400 ते 800 लोकसंख्येला एक मिळते, अन् 150 ते 400 ला मिनी अंगणवाडी, म्हणजे साडेतीनशेची तुमची वस्ती मागणी करू शकते, पण जागा दाखवल्याशिवाय कोणी येत नाही. अभ्यासिकेचं तं विचारूच नका, पोलीस भरतीचे, तलाठी भरतीचे पोरं कुठंही उजेड शोधत फिरतात. म्हातारे बाहेर पारावर अन् पोरं आत, दोघांचा दिवा एकच.

पाण्याचं थोडक्यात. बोअरचं पाणी तपासून घ्या, यवतमाळ-चंद्रपूरकडे काही भागात फ्लोराइड आहे, लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पिण्याचं नाही. छताचं पाणी धरा, हजार चौरस फुटांच्या छतावर 1,000 मिलिमीटर पाऊस पडला तं सांड-लवंड जाऊन सत्तर हजार लिटर तरी हाती येते, ते वावरातल्या जुन्या विहिरीत गाळून सोडा. विहीर बुजवू नका, जाळी लावा. अन् शोषखड्डा काळ्या मातीत भरवशाचा नाही, पाणी मुरतच नाही, खाली मुरूम लागेपर्यंत खणा, नाही तं सगळं सांडपाणी एका जागी नेऊन कर्दळीच्या वाफ्यातून काढा. डासांचा निम्मा त्रास तिथंच कमी होते.

विकायची पद्धत, ही मला फार उशिरा कळली. सगळे प्लॉट एकदम काढले की निम्मे गुंतवणूकवाले घेतात, अन् मग दहा वर्षं कसं दिसते, इथं एक घर, तिकडं एक घर, मधात काटे, साप, अंधार. एकट्या घरातली बाई दिवेलागणीनंतर बाहेर निघत नाही. म्हणून गावाकडच्या टोकापासून पंधरा-पंधरा प्लॉटचा टप्पा काढा, पहिल्यात घरं उभी राहिली की दुसरा. राहायला येणाऱ्याला थोडा भाव कमी करा, परवडते. प्लॉट एकाच मापाचे नको, काही 600 चौरस फुटांचे, काही 1,500 चे, म्हणजे मास्तरही येईल अन् वेल्डिंगवालाही. अन् जात पाहून प्लॉट देणारे लेआउट आपल्या भागात आहेत, सगळ्यांना माहीत आहेत, तसलं करायचं असलं तं वरचं सगळं वाचायची तसदी घेऊ नका. जुन्या गावाकडे जाणारी पांदण मोकळी ठेवा, फाटक लावून बंद नका करू.

कागदपत्रांत एनए (जमीन बिगरशेती करणं), मंजूर नकाशा अन् 500 चौरस मीटरच्या वरची जमीन प्लॉट पाडून विकायची तं तुमच्या भागाला महारेरा (घर-प्लॉटच्या विक्रीवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी लागू होते का, हे जाहिरात छापायच्या आधी पाहा. गुंठ्या-गुंठ्यानं विकून मोकळं होण्याचा सल्ला देणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा.

शेवटचं काम मंजुरीला टाकायच्या आधीचं. उन्हाळ्यात, वावर मोकळं असताना, सगळा नकाशा चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर आखा, खऱ्या मापात. मग संध्याकाळी पाचला घरातली म्हातारी अन् एक चार-पाच वर्षांचं पोरगं सोबत घ्या अन् त्या पांढऱ्या रेघांमधून फिरा. यंदा मामेभावाच्या वावरात आम्ही हेच केलं. आई प्लॉट नंबर 31 वर जुन्या निंबाखाली थांबली अन् तिथंच बसली, पोरगं तिच्या मागं माती उकरत बसलं, दोघंही उठायला तयार नाहीत. भाऊ जरा कुरकुरला, कॉर्नरचा प्लॉट होता. मग 31, 32 अन् 33 पुसले, पार तिथं घेतला, अन् इंजिनिअरला फोन लावला की नकाशा पुन्हा काढा.